सापडलं: ४०० नव्हे, ५१४ व्होल्ट!

खिशात मावणाऱ्या माझ्या गायगर काउंटरच्या, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राच्या, अलार्मने तीन आठवडे रात्री-बेरात्री उठवलं; त्याचं कारण काल संध्याकाळी हाती लागलं. किरण टिपणारी ट्यूब निर्दोष, कोड निर्दोष, पाऊसही जवळजवळ निर्दोष. सगळा घोळ ट्यूबला दिलेल्या हाय व्होल्टेजचा होता, आणि तो मीच माझ्या हाताने, मोजून-मापून घातला होता.

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की जे३०५ ही ट्यूब काढून एसबीएम-२० बसवल्यापासून बॅकग्राउंड (आसपास नेहमीच असणारा किरणोत्सर्ग) २२ सीपीएमवर, म्हणजे मिनिटाला २२ पल्सवर (एक पल्स म्हणजे ट्यूबने टिपलेला एक किरण), शांत बसलंय, आता फक्त डबी बंद करायची आणि खिशात टाकायची. (जे३०५ बद्दलचं माझं मत तेच आहे. काचेची ट्यूब उन्हात आणली की आकडे फुगतात, म्हणून बाहेर न्यायच्या यंत्रात ती नको. एसबीएम-२० चं पोलादी आवरण उजेडाला दाद देत नाही.) डबी बंद करायच्या दिवशी नवी बॅटरी घातली, एकदा व्होल्टेज तपासून घेतलं, थोडं कमी वाटलं म्हणून ते कमी-जास्त करणारा ट्रिमर फिरवला आणि झाकण लावलं. त्याच संध्याकाळी जोराचा पाऊस आला. रात्री आकडा ३३.

नेहमीच्या गुणकाने, म्हणजे १७५ सीपीएमला १ मायक्रोसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) प्रति तास धरून, हे ०.१३ वरून ०.१९ झालं. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण माझा अलार्म ०.३० ला, म्हणजे एका मिनिटात ५२ पल्सना लावलेला. सरासरी २२ असताना वर-खाली होणारा पल्ला वर्गमुळाएवढा, म्हणजे ४.७, ५२ हा आकडा तिथून सहा पट पल्ल्याच्या पलीकडे, चुकूनही लागायचा नाही. सरासरी ३३ झाली की तोच ५२ जेमतेम सव्वातीन पट पल्ल्यावर येतो, आणि दिवसात १४४० मिनिटं असतात. दिवसाला दोन-तीनदा अलार्म वाजायला लागला.

पहिला संशय अर्थातच पावसावर. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूच्या विघटनातून होणारी पिल्लं, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, पावसाबरोबर खाली येतात हे आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलंय. पुढच्या सरीनंतर बाहेरचा ओला पत्रा टिश्यूने पुसला, टिश्यूची घडी ट्यूबला टेकवली: ११८ सीपीएम. पस्तीस मिनिटांनी ७५. तीन तासांनी ३६. बॅकग्राउंडचे ३३ वजा करा: ८५, ४२, ३. शिसं-२१४ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) २६.८ मिनिटं, बिस्मथ-२१४ चं १९.९, आणि दोन्ही एकापाठोपाठ एक असल्याने एकूण घसरण अर्ध्या तासाच्या थोडी वरच दिसते. ओल्या टिश्यूच्या घडीवर किरणोत्साराची ही घसरण घड्याळ लावून पाहणं हा या छंदातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग आहे, आणि इतका स्वच्छ तो मला आजवर जमला नव्हता.

पण त्यानेच पावसाची बाजू कोसळली. पावसाचं असेल तर तीन-चार तासांत निवळायला हवं. इथे दोन दिवस कोरडे गेले तरी ३३ चे ३३.

मग डबी उघडली आणि खरा छळ सुरू झाला. मल्टिमीटरचे प्रोब ट्यूबच्या दोन टोकांना लावले: बरोबर ४०० व्होल्ट. आणि प्रोब लावलेले असताना आकडा २२! म्हटलं, झाकणामुळे काहीतरी होत असणार. प्रोब काढले, झाकण लावलं: ३३. झाकण काढून तसंच ठेवलं: ३३. प्रोब लावले: २२. मोजायला गेलं की दोष पळतो, पाठ फिरवली की परत येतो. पूर्ण आठवडा मी झाकणाचं प्लास्टिक, स्पीकरची वायर आणि जमिनीवरचा ओलावा यांच्यामागे घालवला. अलार्म वाजला की झोपेतच हात जाऊन बटण दाबलं जायचं.

वाट दाखवली ती पल्समधल्या अंतरांनी. प्रत्येक पल्सची मायक्रोसेकंदातली वेळ नोंदवून घेतली. किरणोत्सर्गाच्या पल्स एकमेकींना विचारून येत नाहीत. ३३ सीपीएमला तासाभरात १९८० पल्स धरल्या तर १ मिलीसेकंदाहून कमी अंतराची जोडी फार तर एखादी मिळावी. मला मिळाल्या ५८३. त्यातल्या बहुतेक २०० ते ६०० मायक्रोसेकंदांच्या मध्ये, म्हणजे एसबीएम-२० चा १९० मायक्रोसेकंदांचा डेड टाइम (एका पल्सनंतर ट्यूब आंधळी असते तो काळ) संपतो न संपतो तोच. एक खरी पल्स, आणि तिच्या मागोमाग ट्यूबने स्वतःच काढलेली खोटी. ट्यूब प्लॅटोच्या, म्हणजे व्होल्टेज बदललं तरी आकडा फारसा बदलत नाही त्या टप्प्याच्या, वर चालवली की नेमकं असंच होतं.

पण मीटर तर ४०० म्हणतोय. आणि तिथेच लख्ख झालं: प्रोब लावलेले असतात *तेव्हाच* ४०० आहेत.

आपल्या साध्या मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओम. घरातल्या बाकी कशालाही तो पुष्कळ होतो. पण बॅटरीचं व्होल्टेज चढवणाऱ्या, मायक्रोअँपियरभर करंट देणाऱ्या, स्वतःला सावरणारा फीडबॅक नसलेल्या बूस्ट सर्किटला १० मेगाओम म्हणजे पाठीवर पोतं; प्रोब लावले की व्होल्टेज खाली ओढलं जातं. माझ्या सर्किटचा आतला रोध २.९ मेगाओम निघतो. म्हणजे त्या पहिल्या दिवशी मीटरने ३१० दाखवले तेव्हा ट्यूबवर खरे ४०० होते, आणि मी ते 'दुरुस्त' करून मीटरवर ४०० आणले तेव्हा प्रोब काढताच ट्यूबवर ५१६ चढत होते. एसबीएम-२० चालवायचा व्होल्टेजचा पल्ला ३५० ते ४७५.

गणित पटलं तरी डोळ्यांनी पाहायचं होतं. १०० मेगाओमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडून १ गिगाओमची काडी केली. बोटांचा घाम लागला तरी पृष्ठभागावरून करंट गळतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पारदर्शक नळीत घातली आणि मीटरच्या प्रोबला मालिकेत लावली. आता मीटरचा आकडा गुणिले १०१. मीटरवर ५.०९ आले. ५१४ व्होल्ट! मी तो आकडा कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या.

किटबरोबरच्या कागदावर 'मल्टिमीटरने ४०० व्होल्टवर लावा' एवढंच छापलेलं आहे. कोणत्या मीटरने, मधे काय जोडून, अवाक्षर नाही. किट विकणाऱ्याने ही एक ओळ वाढवायलाच हवी. ट्यूब जाळायला याहून सोपा रस्ता नाही.

माझी जळली नसावी अशी आशा धरून आज पहाटे प्लॅटो काढला. पोटॅशियम क्लोराइडची बरणी ट्यूबला टेकवून (साध्या पोटॅशियमच्या एका ग्रॅममागे सेकंदाला सुमारे ३१ विघटनं, तपासणीसाठी याहून निर्धोक स्रोत नाही) दर २५ व्होल्टला दहा मिनिटं मोजलं. ३७५ ला ४४ सीपीएम, ४०० ला ४५, ४२५ ला ४७, ४५० ला ४८, ४७५ ला ५०. मग ५०० ला ५८ आणि ५२५ ला ७७. तिथून पुढे नेलं नाही. ट्यूब धडधाकट आहे. हॅलोजनवाल्या ट्यूब चिवट असतात असं ऐकून होते, आता पाहिलं. ट्रिमर खऱ्या ४०० वर आणून त्याच्यावर लाखेचा थेंब टाकला.

एवढा जीव एका आकड्यासाठी का काढायचा, असं कुणी विचारलं तर मला १९८७ चं ब्राझीलमधलं गोइयानिया आठवतं. बंद पडलेल्या किरणोपचार केंद्रातला सिझियम-१३७ चा किरणोत्सर्गी स्रोत भंगारात फुटला होता. तपासायला निघालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने उसना डिटेक्टर वाटेत सुरू केला तर कुठेही वळवला तरी काटा शेवटाला. यंत्र बिघडलंय असं समजून तो ते बदलायला मागे गेला. दुसऱ्यानेही तेच दाखवलं. त्या दुर्घटनेत चार जण गेले, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सिझियम आढळलं. त्या भौतिकशास्त्रज्ञाकडे निदान दुसरं यंत्र होतं. खिशातलं आपलं एकच असतं, आणि ते रोज तीनदा खोटं बोललं तर चौथ्या वेळी हात बटणाकडेच जाणार. तीन आठवड्यांत माझा गेलाच होता.

म्हणून एका मिनिटाचा, एका उंबरठ्याचा अलार्म मी काढून टाकतेय. त्याऐवजी दोन. जलद अलार्म दहा सेकंदांच्या खिडकीवर: बॅकग्राउंडला तिथे सरासरी ३.७ पल्स येतात, उंबरठा २०. नुसत्या योगायोगाने हा आयुष्यात वाजणार नाही. सावकाश अलार्म दहा मिनिटांच्या बेरजेवर: सरासरी २२०, उंबरठा ३००, आणि आवाज नाही, नुसतं कंपन. सरीनंतर हा थरथरला तर थरथरू दे, ती खरीच वाढ आहे. रुग्णालयात टेक्निशियम-९९एम या किरणोत्सर्गी औषधाचं स्कॅन करून आलेली व्यक्ती शेजारी बसली तर जलद अलार्मही वाजेल. चार पावलं मागे सरून आकडा पाहायचा. लहान स्रोतापासून अंतर दुप्पट की मात्रा पाव.

हे लिहितानाच एक गोष्ट खटकली. फार तीव्र क्षेत्रात ही ट्यूब दोन पल्सच्या मधे सावरतच नाही; पल्स खुजी होतात, मोजणीच्या पातळीखाली जातात आणि स्क्रीनवर आकडा *घसरतो*, शून्यही होऊ शकतो. माझ्या कोडमध्ये आकडा खाली आला की अलार्म आपोआप थांबतो. म्हणजे सगळ्यात वाईट जागी यंत्र गप्प! हे आजच बदलायचं. जलद अलार्म एकदा वाजला की हाताने बंद करेपर्यंत वाजत राहील. शिवाय सलग ६० सेकंद एकही पल्स नाही आली तर वेगळी शिट्टी. २२ सीपीएमला असं आपसूक घडणं जवळजवळ अशक्य. घडलंच तर ट्यूब मेली, व्होल्टेज गेलं, नाहीतर ट्यूब गुदमरलीय. तिन्ही मला कळायला हवंय.

त्यामुळे ब्लूटूथचं काम मागे. ट्यूबऐवजी सिझियम आयोडाइडच्या स्फटिकाने किरण टिपायचं कामही मागे, जरी एक घन सेंटिमीटरच्या स्फटिकाला याच क्षेत्रात साधारण दहापट पल्स मिळतात आणि हात शिवशिवतायत. आधी ती गिगाओमची काडी कायमची आत बसवायची, खाली ४.७ मेगाओम आणि एक कपॅसिटर: ४०० व्होल्टला १.८७ व्होल्ट मिळतील, ते मायक्रोकंट्रोलर दर मिनिटाला स्वतः वाचेल. भार अर्ध्या मायक्रोअँपियरहून कमी. झाकण पुन्हा उघडायला नको.

डबी सध्या बंद करून टेबलावर ठेवलीय, प्रोब लांब. चौदा तास झाले. पल्स १८,५७१, सरासरी २२.१. एक मिलीसेकंदाखालची अंतरं ६. डेड टाइम वजा करून गणिताने साडेपाच सांगितली होती.