अटलांटिसचा शोध आणि उप्सालाची माती

गोदावरीला पूर आला की आम्ही नाशिककर पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढले ते पाहतो. यंदाच्या पुरात तिथे उभा असताना मला प्लेटोचे बुडालेले बेट, अटलांटिस, आठवले. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात त्याने ते 'हर्क्युलसच्या स्तंभां'पलीकडे, म्हणजे आजच्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीबाहेर असल्याचे लिहिले, आणि पुढील विद्वानांनी त्याचा ठावठिकाणा शोधण्यात आयुष्ये वेचली.

स्पॅनिश इतिहासकार गोमारा याने 1552 मध्ये अटलांटिसचा संबंध अमेरिकेशी जोडला, तर किर्खर या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातील) पंडिताने सतराव्या शतकात, दक्षिण दिशा वर ठेवून काढलेल्या नकाशात, ते स्पेन आणि अमेरिका यांच्या मधोमध दाखवले.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो स्वीडनचा ओलोफ रुडबेक. लसीकावाहिन्यांच्या (शरीरातील लसीका, म्हणजे लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांच्या) शोधात ज्याचा मोठा वाटा आहे, त्याच शरीरशास्त्रज्ञाने 1679 पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अटलांटिस म्हणजे स्वीडन आणि त्याची राजधानी म्हणजे जुने उप्साला, असे प्रतिपादन केले. निष्कर्ष साफ चुकीचा होता, हे मान्य; परंतु तो सिद्ध करण्यासाठी त्याने प्राचीन दफन-टेकड्या खणल्या आणि त्यांच्यावर साचलेल्या मातीच्या थराची जाडी मोजून त्यांचे वय ठरवू पाहिले. थरांवरून काळ वाचण्याची ही पद्धत पुढे पुरातत्त्वाचा कणा ठरली, म्हणूनच त्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

त्यानंतर सुमारे शतकभराने फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बेली याने अटलांटिस थेट उत्तर ध्रुवाकडे नेले.