पेसाहनंतरचे एकोणपन्नास दिवस

इस्रायलमध्ये राहायला आल्यापासून सणावाराला घरून फोन हमखास येतो. हनुकाला दिव्यांची चौकशी होते, पेसाहला 'मग आठवडाभर तुला पाव मिळणारच नाही का?' अशी काळजी असते. पेसाह आणि शावुओत या दोन सणांच्या मधल्या सात आठवड्यांबद्दल मात्र कोणी विचारत नाही. त्या काळात बाहेरच्याला दिसण्यासारखं फारसं काही नसतंच. मला यहुदी वर्षातला हाच काळ सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणून आज त्याच्याविषयी लिहिते आहे.

पेसाह हा इजिप्तच्या गुलामीतून सुटका झाल्याचा सण. निघायची घाई एवढी की कणीक फुगायलाही उसंत मिळाली नाही, म्हणून सणाच्या दिवसांत खमीर घातलेलं काहीही चालत नाही. मात्सा नावाची कडक, बेखमीर पोळी खातात. शावुओत हा सीनाय पर्वतावर तोरा, म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ, मिळाल्याचा सण. पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून या दोहोंमधले ४९ दिवस मोजायचे असतात. अंधार पडून तारे दिसू लागले की एक छोटा आशीर्वाद, म्हणजे देवाच्या स्तुतीची ओळ, म्हणायचा आणि दिवस कितवा ते तोंडाने उच्चारायचं : 'आज नऊ दिवस झाले, म्हणजे एक आठवडा आणि दोन दिवस, ओमेरचे.' झालं. अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

ओमेर हे धान्याचं जुनं माप. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा पेसाहच्या दुसऱ्या दिवशी नव्या जवाचं एक माप तिथे अर्पण करत आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाचे दोन पाव. ते पाव खमीर घालून भाजलेले असत. पेसाहला जे घरातून झाडून बाहेर काढायचं, तेच सात आठवड्यांनी देवापुढे ठेवायचं, हे मला फार विचार करायला लावतं. जव हे जनावरांचं खाणं आणि गहू माणसांचं, असं ताल्मुद या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, चर्चांच्या जुन्या ग्रंथात म्हटलं आहे. त्यामुळे जवापासून गव्हापर्यंतचा प्रवास म्हणजे माणूस होत जाण्याचा प्रवास, असं अनेक रब्बींनी सांगितलं. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि अर्पण थांबलं. मोजणी आजही चालू आहे. मी राहते त्या बेर शेवा शहराच्या उत्तरेला, नेगेव या दक्षिणेकडच्या कोरड्या प्रदेशात, गव्हाची मोठी शेतं आहेत. पेसाहपासून शावुओतपर्यंत ती पिकत आणि कापली जात असताना बसमधून दिसतात, तेव्हा हा पंचांगाचा हिशेब डोळ्यांना पटतो.

गुलामी एका रात्रीत संपली, पण गुलाम म्हणून जगलेल्या माणसांच्या सवयी एका रात्रीत कशा जाणार? परंपरा म्हणते की इजिप्तमध्ये हे लोक अशुद्धतेच्या एकोणपन्नासाव्या पायरीपर्यंत घसरले होते. सुटका त्यांना देवाने दिली, त्यांनी ती कमावली नव्हती. पुढचे ४९ दिवस मात्र त्यांचे त्यांनी चालायचे होते, रोज एक पायरी. आयुष्य बदलून टाकणारा एखादा मोठा क्षण येईल आणि आपण वेगळे होऊ, ही आशा आपल्या सगळ्यांनाच असते. ओमेरची ही मोजणी सांगते की तो क्षण येऊनही गेला असेल. आता आज काय?

हे सगळं मला पहिल्यांदा समजावलं ते शेजारच्या आजींनी. त्या बेने इस्राएल, म्हणजे अलिबागकडे 'शनवार तेली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातल्या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून हे नाव पडलं. त्यांचं मराठी अजूनही कोकणातलं आहे. या समाजाने पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठी अशी दोन्ही भाषांत हग्गादा छापली होती. पेसाहच्या रात्री सुटकेची जी गोष्ट वाचतात, तिचं हे पुस्तक. माझ्या भाषेत ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीच येऊन पोचली होती, हे मला इथे येऊन कळलं.

बायकांवर ही मोजणी बंधनकारक नाही, तरी आजी रोज मोजतात. एकदा तिन्हीसांजेला जिन्यात भेटल्या तेव्हा मी सहज विचारलं, 'आजी, आज कितवा दिवस?' त्या म्हणाल्या, 'काल बारावा होता गो.' मला वाटलं, त्यांना प्रश्न नीट ऐकू आला नाही. मग त्यांनी सांगितलं. सूर्य मावळला की पुढचा दिवस लागतो. आता जर 'आज तेरावा' असं तोंडून गेलं, तर तीच मोजणी झाली. मग आशीर्वाद म्हणून मोजायचं राहून जातं. म्हणून कोणी विचारलं तर कालचा आकडा सांगायचा. हा नियम शूलखान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथात आहे. दिवस जाता जाता, बोलण्याच्या ओघात मोजला जाऊ नये, थांबून मोजला जावा, यासाठी एवढी दक्षता! मला हे विलक्षण वाटतं.

त्याहून मोठा नियम चुकलेल्या दिवसाचा. रात्री मोजायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी उजेडी आशीर्वादाशिवाय मोजता येतं आणि पुढे सगळं नेहमीसारखं चालू राहतं. अख्खा दिवस निसटला, तर तिथून पुढे आशीर्वाद म्हणायचा नाही, पण मोजणी सोडायची नाही. यामागे जुना वाद आहे. काही पंडितांच्या मते ४९ दिवस मिळून एकच व्रत, एक दिवस तुटला की ते अखंड राहत नाही. काहींच्या मते प्रत्येक रात्र हे स्वतंत्र व्रत, कालचं काहीही झालेलं असो. आजचा रिवाज दोघांचाही मान राखतो. आजींचा नातू सैन्यात असताना त्याचा एक दिवस असाच गेला. यंदाचं सगळं फुकट गेलं म्हणून तो खट्टू झाला होता. आजी त्याला म्हणाल्या, 'फुकट कसं जाईल? मोज की. नुसतं मोज.' त्याने उरलेले दिवस आशीर्वादाशिवाय मोजले. मला तर आशीर्वादासह मोजलेल्या दिवसांपेक्षा त्या दिवसांचंच मोल जास्त वाटतं.

याच काळात अर्धा शोकही पाळतात. रब्बी अकिवा या प्राचीन काळच्या थोर पंडिताचे २४ हजार शिष्य पेसाह ते शावुओतच्या दरम्यान मरण पावले, कारण ते एकमेकांचा मान राखत नव्हते, असं ताल्मुद सांगतो. म्हणून या दिवसांत लग्नं नाहीत, केस कापणं नाही. तेहतिसाव्या दिवशी, लाग बाओमेरला, मुलं जागोजागी शेकोट्या पेटवतात आणि शहरभर धूर होतो. अकिवा स्वतः चाळिशीपर्यंत निरक्षर होता. विहिरीजवळचा दगड पाण्याच्या थेंबांनी झिजलेला पाहून त्याने अक्षरं शिकायला घेतली, अशी कथा आहे. पण मला त्याचं उतारवय अधिक भिडतं. हजारो शिष्य गेल्यावर त्याने पुन्हा नव्याने शिकवायला सुरुवात केली, पाच शिष्यांपासून. पुढे ज्ञान टिकलं ते त्या पाचांमुळे.

कब्बालाच्या, म्हणजे यहुदी गूढवादाच्या, परंपरेत प्रत्येक आठवड्याला एक गुण दिलेला आहे : पहिला हेसेद, म्हणजे करुणा, दुसरा गेवुरा, म्हणजे संयम, असे सात. शिवाय आठवड्यातल्या प्रत्येक दिवसाला त्या सातांपैकी एक. त्यामुळे दुसरा दिवस करुणेतल्या संयमाचा आणि आठवा संयमातल्या करुणेचा. देताना कुठे थांबायचं हा एका दिवसाचा विचार. कडक वागताना माया कुठे राहिली हा दुसऱ्या दिवसाचा. हल्ली याचे तक्ते आणि फोनवरची अॅप्स मिळतात आणि त्यात रोजचा 'स्वतःला सुधारा' असा एक धडा असतो. ज्यांना उपयोग होतो त्यांना होवो. मला आजींचं साधं मोजणंच पुरेसं वाटतं. फळ काय मिळालं हे त्या रोज तपासत बसत नाहीत.

मी यहुदी नाही, त्यामुळे हे व्रत माझं नाही आणि आशीर्वाद मी म्हणत नाही. पण इथल्या वसंतात कॅलेंडर फार जड असतं. होलोकॉस्टचा स्मृतिदिन, सैनिकांचा स्मृतिदिन आणि लगेच स्वातंत्र्यदिन, सगळे याच मोजणीच्या आत येतात. स्मृतिदिनांना भोंगा वाजला की रस्त्यातल्या गाड्या थांबतात, माणसं खाली उतरून उभी राहतात. त्या दिवसांचाही आकडा रात्री उच्चारला जातो, इतर दिवसांसारखाच.

तोरामध्ये शावुओतची तारीखच दिलेली नाही. पन्नास दिवस मोजा आणि मग सण करा, एवढंच सांगितलं आहे. यातून एक गंमतीचा पण खरा प्रश्न उभा राहतो : मोजणी चालू असताना कोणी विमानाने आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि त्याचा एक दिवस कमीजास्त झाला, तर त्याचा शावुओत कधी? खबाद या यहुदी पंथाचे सातवे प्रमुख रब्बी मेनाखेम मेंडेल श्नीअरसन यांचं मत असं की ज्याने त्याने आपलीच मोजणी पूर्ण करावी. त्याचा सण त्याच्या पन्नासाव्या दिवशी, मग भोवतालच्या गावाने तो काल केलेला असो किंवा उद्या करायचा असो. इतर रब्बींना हे मान्य नाही, सण सगळ्यांनी एकत्रच करावा असं ते म्हणतात, आणि त्यांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. या वादात मी मात्र श्नीअरसन यांच्या बाजूची आहे.