धुळीचा वेग मोजणारा गिटारवादक

अमावास्या. दिवसभर ब्रायन मे यांचा अवकाशातल्या धुळीवरचा पीएचडीचा प्रबंध डोक्यात घोळतोय. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक म्हणून त्यांना जग ओळखतं, पण त्यांचं खगोलशास्त्र लोक एका वाक्यात उरकतात. हा त्या कामावर अन्याय आहे. त्यांनी काय आणि कसं मोजलं ते बघितलं, की ही हौस नव्हती हे लगेच कळतं.

सूर्यमालेच्या प्रतलात बारीक धूळ पसरली आहे, काही धूमकेतूंनी मागे टाकलेली, काही लघुग्रहांच्या टकरींतून निघालेली. तिच्यावर पडून विखुरलेला सूर्यप्रकाश म्हणजे राशिचक्रीय प्रकाश. उत्तर गोलार्धात तो फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी पश्चिमेला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहाटे पूर्वेला चांगला दिसतो, कारण तेव्हा क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग) क्षितिजावर जास्त उभं असतं. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जायला हवा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास द्यायला हवा. मध्येच मोबाईल बघितला की ती सवय मोडते.

मे यांचा प्रश्न होता: ही धूळ कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं फिरते? १९७० साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्यांनी संशोधन सुरू केलं. निरीक्षणं टेनेरिफ बेटावर झाली. सूर्याच्या वर्णपटात ५१८.३६ नॅनोमीटरला मॅग्नेशियमची एक काळी रेषा आहे. धुळीवरून परतलेल्या प्रकाशातही ती असते, पण धुळीच्या गतीमुळे थोडी सरकलेली. किती थोडी? सेकंदाला १० किलोमीटर वेग असेल तर जेमतेम ०.०१७ नॅनोमीटर! एवढा फरक पकडायला त्यांनी फॅब्री-पेरो व्यतिकरणमापक, म्हणजे अगदी जवळच्या तरंगलांब्या वेगळ्या करणारं उपकरण, वापरलं. त्यात दोन अर्धपरावर्तक काचा एकमेकींना काटेकोर समांतर ठेवतात. तापमान जरा बदललं तरी काचांमधलं अंतर बदलतं आणि रेषा सरकल्याचा भास होतो, म्हणून ज्ञात तरंगलांबीच्या दिव्यावर उपकरण पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. चंद्रप्रकाश तर घातकच. तोही परावर्तित सूर्यप्रकाश, तीच काळी रेषा घेऊन येणारा, पण धुळीच्या वेगाचा पत्ता नसलेला. तो मिसळला की मोजलेला वेग शून्याकडे ओढला जातो. शिवाय एकाच दृष्टिरेषेत जवळची-लांबची सगळी धूळ येते, तिचे वेग वेगवेगळे, त्यामुळे रेषा रुंद आणि उथळ होते. तिचा मध्य ठरवणं हे खरं कष्टाचं काम.

१९७४ मध्ये संशोधन थांबलं, कारण बँड जोरात होता. २००६ मध्ये ते परतले आणि २००७ मध्ये प्रबंध पूर्ण केला. जुनी मोजमापं तेव्हाही चालली, कारण धुळीच्या ढगाची एकूण चाल ३० वर्षांत बदलत नाही आणि या वेगांवर मधल्या काळात फार थोड्यांनी काम केलं होतं. पण १९८३ च्या आयरास उपग्रहानं अवरक्त प्रकाशात धुळीचे पट्टे दाखवले होते, त्यामुळे जुनी वही तशीच पुढे करून भागलं नसतं. माझ्या मते परत येण्यातली खरी चिकाटी इथे आहे.

त्रिमिती छायाचित्रांचं वेडही त्यांचं लहानपणापासूनचं, आणि तेही विज्ञानाच्या कामी आलं. बेनू हा सुमारे ५०० मीटर व्यासाचा लघुग्रह. तिथे गेलेल्या नासाच्या ओसायरिस-रेक्स यानानं वेगवेगळ्या जागांवरून टिपलेल्या चित्रांतून मे यांनी जोड्या जुळवल्या, एक चित्र डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. दोन्ही चित्रांत ऊन जवळपास एकाच कोनातून आलेलं हवं, नाहीतर सावल्या जुळत नाहीत आणि डोळे गोंधळतात. चित्रं अशी फिरवावी लागतात की दोन जागांना जोडणारी रेषा आडवी येईल. वर-खाली थोडा फरक राहिला तरी बघताना डोळ्यांवर ताण येतो. आणि दोन जागांमधलं अंतर फार वाढलं तर दोन चित्रं एकत्र मिसळतच नाहीत.

सपाट चित्रात धोंडा आणि खड्डा सहज फसवतात. त्रिमितीत उतार आणि धोंड्यांची उंची एका नजरेत कळते, म्हणून यान कुठे टेकवायचं हे ठरवताना मोहिमेच्या चमूनं ही चित्रं वापरली. निवडलेल्या ‘नाइटिंगेल’ या जागेवरून यानानं २० ऑक्टोबर २०२० रोजी नमुना उचलला.