एक वॅटवरचा काटा

मंगळवार, रात्री साडेअकरा

मेथी निवडता निवडता आई सहज बोलून गेली, "अरे, तो काटा अडायचाच. म्हणून तर हे टिचकी मारायचे." आणि पुन्हा जुडी सोडायला लागली.

सकाळचं वाक्य. अजून डोक्यातून जात नाही.

चार रात्री मी त्या अँप्लिफायरच्या मागे आहे. 1977 सालचा जपानी सेट, चॅनलला 60 वॅटचा, काकांनी मस्कतहून आणलेला. दोन वर्षं चादरीखाली होता. दादा तर भंगारात... जाऊ दे. पॉवर सप्लायचे, वीज साठवणारे दोन्ही मोठे कपॅसिटर फुगले होते, 10,000 मायक्रोफॅराड, 63 व्होल्टचे. आधी रेझिस्टर लावून ते रिकामे केले, मगच हात घातला. पुण्याच्या तपकीर गल्लीत नवे मिळाले ते उंचीला बुटके, म्हणून क्लॅम्पमध्ये रबर गुंडाळून बसवले. सिरीजमध्ये 100 वॅटचा बल्ब लावून चालू केलं. बल्ब भगकन पेटला आणि हळूहळू विझत आला, म्हणजे आत शॉर्ट नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला. स्पीकरच्या टोकांवर डीसी डावीकडे 12 मिलिव्होल्ट, उजवीकडे 9. पन्नासच्या आत असलं की मी निर्धास्त स्पीकर जोडतो. व्हॉल्यूमची खरखर क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत गेली.

मग गाणं लावलं. किती वॅट जातात ते दाखवणारे दोन मीटर समोर आहेत, त्यांतला डावा काटा एक वॅटवर जाऊन बसला. गाणं थांबलं तरी तिथेच.

मला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी झालं. डाग देताना मीटरच्या वायरला धक्का लागला असेल, नाहीतर पुसताना काही बिघडवलं असेल. चार रात्री ते ओझं घेऊन झोपलो. आणि आई म्हणते, तो अडायचाच.

वडील, म्हणजे अण्णा, तबकडी ठेवायचे, सुई टेकवायचे, सूर निघाला की डाव्या मीटरवर एक टिचकी. मग खुर्चीत बसायचे. मला ती त्यांची रीत वाटायची. तबलजी हातोडी बाजूला ठेवून पहिली थाप मारतो ना, तसं काहीतरी. मी ती टिचकी जपली. हॉस्टेलवर रेडिओ लावताना मारायचो. चिऊलाही शिकवली, "आजोबा असं करायचे" म्हणून. आणि ती होती अडलेला काटा सोडवायची टिचकी.

मला का नाही सांगितलं? दहावीपासून हातात सोल्डरिंग आयर्न आहे. डिप्लोमा केला, पहिल्या पगारातून मल्टीमीटर घेतला. गल्लीतले टेप, कुणाकुणाचे रेडिओ, देवळाचा माइकचा सेट, सगळं मी दुरुस्त केलं. आणि घरातला काटा, ज्याच्यासमोर मी मांडी घालून बसायचो, तो अडतो हे मला कुणी सांगितलं नाही. इतकंही वाटलं नाही त्यांना, की हा बघेल? दुपारी जेवताना याच विचाराने घास उतरेना. आईला विचारलंही, "मला का नाही सांगितलं कधी?" ती म्हणाली, "त्यात काय सांगायचं?"

संध्याकाळी मीटर उघडायलाच घेतला. आधी डाव्या-उजव्या मीटरच्या वायरी अदलून पाहिल्या. अडला तो डावाच, म्हणजे सर्किट ठीक, दोष मीटरमध्ये. मीटरची काच म्हणायची, आहे प्लॅस्टिकची. कोरड्या फडक्याने पुसली की तिच्यावर स्थिर वीज साठते आणि काटा ओढला जातो. म्हणून आतून भांड्याच्या साबणाचं बोट फिरवून पाहिलं. तरी एक वॅटवरच. स्थिर विजेने धरलेला काटा आज इथे, उद्या तिथे अडला असता. दरवेळी एकाच जागी अडतो म्हणजे आत काहीतरी घासतंय.

भिंगातून दिसलं. चुंबक आणि कॉइल यांच्या मधल्या फटीत लोखंडाचा एक कण उभा होता, पापणीच्या केसाच्या टोकाएवढा. पोलादी चिमटा तिथे नेला असता तर चुंबकाने खेचून घेतला असता आणि ती केसासारखी स्प्रिंग गेली असती. उदबत्तीची काडी तासली, टोकावर सेलोटेप उलटी गुंडाळली, श्वास धरून आत घातली. तिसऱ्या खेपेला कण चिकटून आला. पांढऱ्या कागदावर ठेवला तर मलाच सापडेना.

हा अण्णांच्या आयुष्यभर तिथे होता.

त्या मीटरवर आकडे 0.01 पासून 100 पर्यंत आहेत, दर टप्प्याला दहापट. घरात गाणं ऐकायला एक वॅट पुरतो. कण नेमका तिथे होता, जिथे त्यांचा काटा रोज हलायचा.

मागच्या दाराची कडी आमच्याकडे जरा उचलून लावावी लागते. मी लहानपणापासून उचलूनच लावतो. ती बिघडली आहे असं मी कधी कुणाला सांगितलं नाही, मनातही आलं नाही. पाहुणा अडला की उठून लावून देतो. अण्णांचं तसंच असणार. एका टिचकीने चालणारी गोष्ट कोण मुलाला बोलावून दाखवतो? आणि मी तरी नाशिकचं त्यांना कुठे सांगितलं होतं.

तरी वाटतंच. एकदा म्हणायला हवं होतं त्यांनी.

दहाच्या सुमाराला सगळं जोडून मल्लिकार्जुन मन्सूरांची तबकडी लावली. नुसता तानपुरा असताना दोन्ही काटे 0.1 च्या आसपास, आवाज लागला तसे वर. माझा हात दोनदा मीटरपाशी गेला. काटा मोकळा होता, मारायची गरज नव्हती. मी व्हॉल्यूम वाढवला. काटे दहाकडे झुकले. आजवर मी ते तिथे कधी पाहिले नव्हते.

आतून आईचा आवाज आला, "जरा कमी कर रे. ह्यांनाही रोज सांगावं लागायचं."

कमी केला. दोन्ही काटे खाली आले, एक वॅटच्या खुणेवरून पुढे-मागे होत राहिले. तबकडी संपेपर्यंत मी डाव्याकडेच बघत होतो.