तक्रार असलेल्या दिंडीचा टाळ

आमच्या दिंडीत मला सगळे ‘मेजर’ म्हणतात. मी हवालदार म्हणून रिटायर झालो, पण सातारा जिल्ह्यात पेन्शन घेऊन परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तोफखान्यात होतो. 1999 च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईत, द्रासला बोफोर्स तोफेवर.

आई त्या वर्षी वारीत होती. अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी पार जुलैच्या अखेरीकडे सरकली होती. तिच्याकडे माझा पत्ता एवढाच, ‘मार्फत 56 एपीओ’, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. त्यावरून माणूस नेमका कुठे आहे ते पांडुरंगालाही कळायचं नाही. आषाढी झाली आणि दोनच दिवसांनी, 26 जुलैला, लढाई संपली. आईच्या हिशेबी तो तिचा आणि विठ्ठलाचा आपसातला व्यवहार होता. आता तिचे गुडघे गेलेत, तिची वारी मोडू नये म्हणून मी चालतो, असं मी लोकांना सांगतो. ते खोटं नाही. पण आधी डॉक्टरांनी पाठवलंय.

पाठवलंय म्हणजे काय, तर त्यांनी सांगितलं होतं की तुम्ही जे जे टाळता ते वाढत जातं. मी दिवाळीत शेतावर झोपायला जायचो, फटाके नकोत म्हणून. मग जत्रा सोडली, मग लग्नं, मग आठवडी बाजार. एसटीत पाठीमागे कुणी बसलेलं चालेना. शेवटी घराच्या ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसणं एवढंच उरलं, आणि संध्याकाळी कँटीनची रम. बायकोनं पोरांना शिकवून ठेवलं होतं, बाबांना झोपेतून उठवायचं तर पायाकडून हाक मारायची, हात लावायचा नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं गर्दीत जायला लागा. मी म्हटलं, वारीला जाऊ का? ते हसायलाच लागले. ‘थोडं थोडं म्हणालो होतो मी.’ म्हणून पहिल्या वर्षी फक्त सासवड ते जेजुरी. गोळ्या चालू ठेवायच्या, ही अट.

वारीनं मी बरा झालो असं ऐकायची लोकांना फार हौस असते. तसं काही झालेलं नाही. माळही अजून घातलेली नाही, कारण माळ घालून रम पिणाऱ्यांतला मला व्हायचं नाही. पण काही गोष्टी तिथे सोप्या जातात, त्या सांगतो.

पहिली म्हणजे झोप. मला पहाटे तीनला जाग येतेच. गावच्या सप्ताहात रात्री दोन ते चारचा वीणेचा पहारा कुणाला नको असतो, तो कायम माझा. वारीत तर तीनला अख्खा तळ जागा असतो. टँकरपाशी आंघोळी, कुठे काकडा, राहुट्यांची आवराआवर, ट्रकवर चढणाऱ्या वळकट्या. माझ्या जागं असण्याचं कुणाला नवल नाही. मग भोंगा होतो. पहिल्या भोंग्याला आवरायचं, दुसऱ्याला आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पाऊल उचलायचं. रथापुढे 27 दिंड्या, प्रत्येकीचा नंबर ठरलेला, कुणी कुणाची जागा घ्यायची नाही. फौजेतला माणूस यात विनासायास बसतो, आणि त्याला कारण आहे. ही सगळी घडी बसवणारे हैबतबाबा आरफळकर आमच्याच जिल्ह्यातले, शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. घरी परतताना वाटेत लुटारूंनी त्यांना धरून गुहेत कोंडलं होतं आणि तिथे ते हरिपाठ म्हणत राहिले, अशी कथा सांगतात. सुटल्यावर उरलेलं आयुष्य त्यांनी आळंदीत माउलींपाशी काढलं. भाविक लोक याला साक्षात्कार म्हणतात. मला दुसराही एक अंदाज आहे, पण तो कीर्तनकारांपुढे बोलायचा नाही.

अवघड जातो तो दिवे घाट. पुणे-सासवड हा टप्पा आधीच लांबलचक, आणि घाटाचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल, वळणावळणानं चढणारी पताकांची रांग. फोटो काढणारे वर कड्यावर उभे असतात. मला ते कॅमेरेवाले दिसत नाहीत. द्रासला शत्रू वर बसला होता. त्याची ओपी, म्हणजे टेहळणीची चौकी, शिखरावर आणि खाली श्रीनगर-लेह रस्ता त्याला तळहातावर असल्यासारखा दिसायचा. रस्त्यावर गाडी हलली की वरून रेडिओवर आकडे जायचे आणि गोळे यायचे. आमच्या तोफेवरचा एक जण असाच गेला, चहाचा मग हातात असताना. त्यामुळे डोंगराच्या कडेला माणसांच्या आकृत्या आणि खाली उघड्यावर चालणारी रांग, आणि त्या रांगेत मी, हे माझ्या अंगाला पटत नाही. घाम फुटतो, हात थंड पडतात. अशा वेळी डॉक्टरांनी शिकवलेलं एक काम करतो. दिसणाऱ्या वस्तूंची नावं मनात घेतो. तुळस, हंडा, टाळ, रथाला जुंपलेली जादा बैलजोडी, पुढच्या माउलीच्या टाचेची भेग. घाट संपेपर्यंत हेच.

टाळ-मृदंगाचा त्रास होत नाही, हे मात्र मलाच कोडं होतं. हजारो टाळ वाजतात, तरी छाती धडधडत नाही. एकदा लक्षात आलं, पुढचा ठोका कधी पडणार ते माहीत असतं. त्रास होतो तो न सांगता येणाऱ्या आवाजाचा.

तो फलटणच्या अलीकडे आला. एका गावानं पालखीच्या स्वागताला फटाक्यांची माळ लावली, आणि माळेच्या शेवटी कुणीतरी सुतळी बॉम्ब. मला आठवतं ते डांबर, गालाला लागलेलं, तापलेलं. मी रस्त्यावर पालथा पडलो होतो, हात डोक्यावर. कानात शिट्टी. उठायला हवं एवढं कळत होतं, उठता येत नव्हतं. आणि मग पाठीला कुणाचा तरी हात लागला, पायालाही लागला. आजूबाजूच्या मंडळींनी ते लोटांगण समजलं होतं! माउली, माउली म्हणत दोनचार जण माझ्या पाया पडून पुढे गेले, एका तुळसवाल्या आजींनी कपाळाला बुक्का लावला. ‘पड, लेकरा, पड,’ म्हणाल्या, ‘सावकाश ऊठ.’ बाजारात हे झालं असतं तर लोकांनी मोबाइल काढले असते. इथे माझ्या भोवतीनं दिंडी दुभंगली, पुढे जाऊन परत जुळली. मी उठलो तेव्हा गुडघा फुटला होता आणि मला हसू येत होतं. रडूही.

हे सगळं एका माणसानं पाहिलं. आमच्याच दिंडीतले, माझ्यापेक्षा थोराड, इन्फंट्रीतले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. मी त्यांच्याकडे आधीपासून बघत होतो, कारण नाना कधी डांबर सोडत नाहीत. सगळे वारकरी सावलीसाठी कडेच्या मातीतून चालतात, हे उन्हातून रस्त्याच्या मधोमध. लघवीलाही पक्क्या जागेवर. नाना 1987 ला शांतिसेनेत श्रीलंकेत, जाफन्याला होते. तिथे कडेच्या मातीत काय पुरलेलं असायचं ते मी ऐकून आहे. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नव्हतो.

त्या संध्याकाळी तळावर समाजआरती होती. सगळ्या दिंड्या गोल लागल्या, नादानं कान भरले, आणि चोपदारानं दंड वर केला. एका क्षणात सगळं गप्प. फक्त एका दिंडीचा टाळ वाजतच राहिला. रीतच आहे ती. ज्या दिंडीची तक्रार असते, ती टाळ थांबवत नाही. मग चोपदार तिकडे जातात, काय झालं विचारतात, पाणी मिळालं नाही, जागा मिळाली नाही, जे असेल ते सर्वांसमोर निकाली लावतात, आणि मगच आरती होते. लाखोंचा समाज तोवर थांबतो.

नाना त्या टाळाकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, ‘आपण पहिल्याच हुकमाला गप्प झालो, मेजर.’

मी म्हटलं, ‘मी आता वाजवतोय थोडा.’ आणि डॉक्टरांचं सांगितलं. आठवड्याचा वार, किती वेळ बोलावं लागतं, पहिल्या दोन वेळा मी एक शब्द बोललो नव्हतो ते. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या, कार्डावर होतं, पैसे पडत नाहीत, हेही. पलटणीत कुणाला कळत नाही, असं मुद्दाम सांगितलं, कारण मला स्वतःला तीच भीती होती.

आरती झाली. वाटेत पंगत बसत होती. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पत्रावळ पुढे ओढत म्हणाले, ‘त्या गोळ्या एकादशीला चालतात का?’

‘चालतात. पण उपाशीपोटी नाही, आधी साबुदाणा खायचा.’

‘मग नंबर दे,’ म्हणाले, आणि खिशातला मोबाइल चष्म्याविना हातभर लांब धरून एकेक आकडा दाबायला लागले.