लेआउट फिल्टर, भाग 4: डोस्कं आहे, पाय आहेत, पोट गायब

राजेहो, मागच्या वेळी लिहिलं होतं ना की लेआउट फिल्टर (माझ्या साईटच्या प्रत्येक पानाला हेडर-फूटर लावणारा कोड) झाला, आता फक्त बाजारभावाचं पान कॉलेबलवर (जावात सावकाश काम मागच्या मागं वेगळं चालवायची सोय) टाकतो अन् मोकळा होतो. ते 'फक्त' मला नऊ रात्री पडलं. काल सुटलं म्हणून आज लिहून राहिलो.

सेटअप तोच, टॉमकॅट 9 (जावाचा वेब सर्व्हर), स्प्रिंग 5.3 (जावाचं फ्रेमवर्क), जेएसपी (पानाचे साचे), अन् वरून माझा घरचा फिल्टर. तो रिस्पॉन्सला, म्हणजे ब्राउझरकडं जाणाऱ्या उत्तराला, रॅपरमधी (वेष्टनात) पकडते, मधात मजकूर घालते, वर हेडर खाली फूटर लावते. काही जणांनी विचारलं की टाइल्स (लेआउट लावायचं तयार साधन) काहून नाही वापरत. अरे, टाइल्स 2018 मध्येच अपाचेच्या बंद प्रकल्पांच्या माळ्यावर, म्हणजे अ‍ॅटिकमधी गेलं अन् स्प्रिंग 6 नं त त्याचा सपोर्टच काढून टाकला, आता मेलेल्या बैलाला काय वेसण घालायची.

बाजारभावाचं पान तीन ठिकाणाहून संत्र्याचे भाव आणते, अन् त्यातली एक साईट अशी रेंगाळते की टॉमकॅटचे थ्रेड, म्हणजे काम करणारे गडी, बसून राहतात. म्हणून कंट्रोलरमधून (पानाची मागणी हाताळणारा कोड) कॉलेबल परत केला. पहिला दणका अपेक्षितच होता, एक्सेप्शन आलं की साखळीतल्या सगळ्या फिल्टरवर असिंक-सपोर्टेड ट्रू पाहिजे (असिंक म्हणजे उत्तर मागून द्यायची पद्धत). वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाईलमधी टाकलं, गेलं. खरी गंमत पुढं.

पान उघडलं की सहा सेकंद चक्र फिरे अन् मग हेडर यायचं, फूटर यायचं, मधात पांढरं फटक. शेजारच्या काकाजींना रोज भाव पाहायचा असते, त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला, "डोस्कं हाय, पाय हायेत, पोट कुठी गेलं बे?"

आता सहा सेकंद लागते म्हणजे भाव येऊन राहिले, मग छापून काहून नाही राहिले? दोन रात्री मी जेएसपीच खोदत बसलो. मग वाटलं रॅपरचा प्रिंटरायटर फ्लश होत नसंल, म्हणजे लिहिलेलं पुढं ढकलत नसंल, त्यात तिसरी गेली. या आठवड्यात वावराची लाईन रात्रीची आहे, अंबिया बहाराच्या संत्र्याला पाणी चालू आहे, त मोटरच्या खोलीत खाटेवर लॅपटॉप, अंगावर घोंगडं, अन् मोबाईलचं नेट, असा कारभार. जड आयडीई चार जीबीत चालत नाही, सेकंडहँड रॅम घेतली होती ती दुकानदारानं चुकीची दिली, म्हणून साधा एडिटर अन् लॉग फाईल, बस. पण खरं सांगू, लॉगच कामात आला. फिल्टरच्या पहिल्या ओळीत डिस्पॅचर टाईप, म्हणजे फिल्टर कोणत्या फेरीसाठी बोलावला ते, छापला अन् दिसलं की या पानासाठी फिल्टर एकदाच येते, रिक्वेस्ट म्हणून. असिंक म्हणून, म्हणजे भाव आल्यावरच्या दुसऱ्या फेरीत, येतच नाही.

म्हणजे होत काय होतं, कॉलेबल परत केला की स्प्रिंग असिंक सुरू करून लगेच मागं फिरते, फिल्टरला वाटते काम झालं. काट्यावर ट्रॉली आली, ड्रायव्हर म्हणे माल मागून येते, अन् काटेवाल्यानं रिकामीच तोलून पावती फाडली, तसं. माल नंतर आला तो त्याच जुन्या रॅपरमधी पडला, जो आता कोणी वाचणारच नव्हतं.

मग डूफिल्टरच्या (पुढचं काम चालवणारी ओळ) खाली तपासणी टाकली, असिंक सुरू असंल त काही लिहू नको, परत जा. आता पूर्णच पांढरं, डोस्कंही गेलं. बरोबरच आहे, दुसऱ्या फेरीला फिल्टर मॅप नव्हता. फिल्टर-मॅपिंगमधी डिस्पॅचर असिंक टाकला अन् बाप्पा! बाजारभावाचं पान एकदम झकास, डोस्कं पोट पाय सगळं जागेवर, पण बाकीची सगळी पानं हेडर-फूटरविना उघडी. डिस्पॅचर लिहिलाच नाही त रिक्वेस्ट धरल्या जाते, पण एक जरी लिहिला की तेवढाच चालते, हे मी विसरलो होतो. आता दोन्ही लिहिले. पुन्हा बाजारभाव पांढरा.

इथं मी लॅपटॉप बंद करून पाणी पाहायला गेलो.

अन् बांधावर चालता चालता डोक्यात आलं की फक्त असिंक असताना चालते, दोन्ही असताना नाही, म्हणजे पहिली फेरीच दुसरीला नडून राहिली. परत येऊन दोन्ही फेऱ्यांत रॅपरचा हॅशकोड (ओळखीचा आकडा) छापला, दोन वेगळे आकडे. स्प्रिंग असिंक सुरू करताना हातातला रिस्पॉन्स देते, म्हणजे माझा रॅपरच. दुसऱ्या फेरीत मी त्या रॅपरवर आणखी एक रॅपर चढवला, सजलेलं पान आतल्या जुन्या बफरमधी (साठवणीत) ओतलं, अन् तो बफर रिकामा करणारं कोणीच नाही. स्प्रिंगचा शॅलोईटॅगहेडरफिल्टर उघडून पाहिला त त्यानं हेच सांभाळलेलं आहे, असिंक फेरी असंल किंवा रिस्पॉन्स आधीच रॅपर असंल त नवा बनवत नाही, अन् असिंक सुरू असंल त शेवटचं लिहिणं टाळते. हा आधी वाचला असता त नऊ रात्री वाचल्या असत्या. ज्यांचा फिल्टर स्प्रिंगच्या वन्सपररिक्वेस्टफिल्टरवरून बनला आहे त्यांनी शुडनॉटफिल्टरअसिंकडिस्पॅच फॉल्स करा, नाहीत फिल्टर दुसऱ्या फेरीत निघून जाते.

एक इन्स्टन्सऑफ, म्हणजे रिस्पॉन्स आधीच माझा रॅपर आहे का हे पाहणारी तपासणी. बस एवढंच होतं.

आता एचटीएमएक्सचं (पूर्ण पान न आणता पानाचा तुकडाच बदलणारी ब्राउझरमधली लायब्ररी). ठरवलं होतं की मागणीसोबत तिची एचएक्स-रिक्वेस्ट हेडर ही खूण दिसली की लेआउट लावायचा नाही, नुसता तक्ता पाठवायचा. ब्राउझरमधल्या या प्रकाराला असिंकच म्हणतात अन् सर्व्हरवरच्या कॉलेबललाही असिंकच, या नावानं मी सुरुवातीला दोन दिवस वेगळाच गोंधळ घातला. चाललं, 44 केबीचं पान 3 केबीवर आलं, इकडच्या नेटवर तो फरक हातानं मोजता येते. पण बॅक बटन दाबलं की उघडा तक्ता, कारण ब्राउझरनं एकाच पत्त्याखाली तो ठेवलेला. व्हॅरी हेडर (दोन्ही उत्तरं वेगळी ठेव असं ब्राउझरला सांगणारी खूण) टाकायला बसलो होतो, पण हे लिहिता लिहिताच वाटून राहिलं की तक्त्याला वेगळाच पत्ता द्यावा अन् फिल्टरमधून तो वगळावा, हेडर तपासायचं कामच नको. तसंच करतो. टॉमकॅटचा 30 सेकंदांचा असिंक टाइमआउटही (वाट पाहायची मुदत) पाहायचा आहे, ती साईट कधी कधी तेवढं लावते अन् पानाऐवजी 503 ही एरर येते.

आज सकाळी काकाजींना पान दाखवलं. चष्मा वर केला, बोटानं खाली सरकवलं, वर सरकवलं.

"पोट आलं बे. पण भाव त कालचाच हाय."