ती भिंत का फोडली, हे तुम्ही विचारलंत म्हणून

घरात वाईनचा सेलर, म्हणजे वाईन साठवायची गार खोली, बांधलाय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: एक वाईन फ्रिज पुरला नसता का? ज्यांना पुढची हकीकत ठाऊक आहे ते दुसरं विचारतात. रॅक लागले होते, रंग झाला होता, बाटल्याही लागल्या होत्या, मग धडधाकट भिंत का फोडायला लावलीत? आजवर मी यावर अर्धंच बोलत आले, कारण उत्तर ओल, वाफ आणि थरांकडे वळलं की समोरच्याची नजर घड्याळाकडे वळते. आता सगळं लिहूनच टाकते.

फ्रिजचं आधी. शंभरेक बाटल्या असतील आणि वर्ष-दोन वर्षांत संपणार असतील तर फ्रिजच घ्या, मी स्वतः तेच सुचवते. बनणारी बहुतेक वाईन लवकर पिण्यासाठीच बनलेली असते. ठेवून ती सुधारत नाही, नुसती म्हातारी होते. ठेवण्याजोग्या त्या वेगळ्या. ज्यांत टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा, भरपूर आहे, आंबटपणा टिकाऊ आहे किंवा साखर आहे अशा: बारोलो, चांगली बोर्दो, व्हिंटेज पोर्ट, गोड रीसलिंग. माझा जीव या बाटल्यांत आहे. त्यांना दहा-वीस वर्षं अंधार हवा, 13 अंशांच्या आसपासचं तापमान हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते हलायला नको. आज 12, उद्या 25 यापेक्षा कायमचे 18 परवडले. तापमान वर गेलं की वाईन फुगून बूच बाहेर रेटते, उतरलं की हवा आत ओढते. शिवाय फ्रिजचे कप्पे बोर्दोच्या सरळ खांद्याच्या बाटलीच्या मापाने केलेले असतात. बर्गंडी नाहीतर शॅम्पेनची रुंद बाटली ठेवली की वरचा कप्पा अडतो, आणि खोक्यावर छापलेल्या आकड्याइतक्या बाटल्या कधीच मावत नाहीत.

मग एसी का नाही लावला? साधा एसी बहुधा 16 अंशांच्या खाली जात नाही, आणि हवा कोरडी करतो. सेलरमध्ये आर्द्रता 50 ते 70 टक्के लागते, नाहीतर बुचं सुकतात. तळघर का नाही खणलं? जमिनीच्या काही मीटर खाली तापमान साधारण त्या जागेच्या वार्षिक सरासरीइतकं असतं. फ्रान्समधल्या रँसच्या खडूच्या खाणींत शॅम्पेन दहा-बारा अंशांत निवांत पडून राहते, कारण वरचा प्रदेशच थंड आहे. उष्ण प्रदेशात कितीही खणलं तरी खाली ऊबच भेटणार.

म्हणजे राहिली बंद खोली, चारी बाजूंनी नीट थर दिलेली. आता भिंतीकडे येते.

कंत्राटदाराला मी नकाशा दिला होता. त्यात बाहेरून आत असा क्रम लिहिलेला: विटांची भिंत, मग वाफ अडवणारा जाड पॉलिथीनचा सलग पडदा, मग उष्णता अडवणारा फोम, मग बोर्ड, मग रॅक. पडदा गरम बाजूला, हे अधोरेखित केलेलं. बाहेर 30 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेतली वाफ 25 अंशांनाच पाणी व्हायला लागते, आणि आपली खोली असते 13 अंशांना. म्हणजे भिंतीच्या जाडीत कुठेतरी तो 25 अंशांचा थर असतोच. वाफ विटांमधून झिरपत आत यायला निघते. तिला त्या थराआधी अडवलं नाही तर भिंतीच्या पोटात पाणी धरतं. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तेच, फक्त तुमच्या डोळ्यांआड.

काम झाल्यावर खोली गार ठेवणारं मशीन दिवसरात्र चालायला लागलं तेव्हा मला पहिली शंका आली. चांगल्या सेलरचं कूलिंग युनिट मधून मधून थांबतं. हे थांबतच नव्हतं. कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, मशीन लहान पडतंय, मोठं घेऊ." मग वास यायला लागला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. मग खालच्या रांगेमागचा बोर्ड जमिनीलगत फुगला, बोटाने दाबला की दबायचा. त्यावर त्याचं उत्तर: डिह्युमिडिफायर लावा. ज्या खोलीला आर्द्रता हवी तिथे आर्द्रता शोषणारं यंत्र! त्या दिवशी मी ठरवलं की आत बघायचंच.

बाटल्या काढल्या, रॅक उतरवले, आणि सुताराने बोर्डाचा एक चौकोन कापून ओढला. समोर पडदा. बोर्डाला चिकटून, आतल्या गार बाजूला. नकाशाच्या बरोबर उलट. प्लास्टिकच्या मागून पाण्याचे ओघळ उतरताना स्पष्ट दिसत होते. पडदा फाडला तर मागे फोमच नव्हता, काचलोकर (काचेच्या तंतूंची गादी) होती, काळवंडलेली. सुताराने मुठीत धरून पिळली आणि पाणी त्याच्या कोपरापर्यंत आलं. वाफ बाहेरून मोकळी आत येत होती आणि गार प्लास्टिकला थडकून तिथेच पाणी होत होती. भिजलेली काचलोकर उष्णता अडवत नाही, म्हणून मशीन थांबत नव्हतं. कंत्राटदाराने एवढंच म्हटलं की थंड देशांत पडदा आतूनच लावतात. हो, लावतात, कारण तिथे घराची आतली बाजू गरम असते.

सगळ्यांचा सल्ला होता की एवढा तुकडा वाळवून झाकून टाका. मी तिन्ही भिंती आणि छत उतरवायला लावलं. तेव्हा मला हट्टी म्हटलं गेलं, अजूनही म्हणतात. एक तुकडा वाळवून उरलेल्या भिंतींत वाफ यायची थांबणार होती का?

त्यातच एकाने बुरशी धुवायला ब्लीचिंग पावडर कालवली. मी बादली हातातून काढून घेतली. त्या पावडरीतलं क्लोरीन, लाकूड आणि बुरशी एकत्र आले की टीसीए हे रसायन तयार होऊ शकतं. बुचाच्या बिघाडाचा तो कुबट वास त्याचाच, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही तो कळतो. खोलीच्या लाकडात तो शिरला तर भिंती बदलूनही उपयोग नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतलं, पुरतं वाळू दिलं, पडदा विटांच्या बाजूला सलग लावला, सांधे टेपने बंद केले, आणि या वेळी प्रत्येक थर झाकण्याआधी मी स्वतः पाहिला. आता युनिट थांबतं.

पैशाचा माज, असंही कानावर आलंय. माझे पैसे अशा थरांत गेले जे कुणालाच दिसत नाहीत. माज दाखवायचा तर लोक रोषणाईवर खर्च करतात.

पण एक कबूल करते. पहिल्या आराखड्याच्या वेळी मला काचेचं दार हवंच होतं. बाटल्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर कोठीची खोली काय वाईट, असं माझं म्हणणं. दार दुहेरी काचेचं आहे, कडांना रबर आहे, तरी दमट दिवसांत त्यावर दव धरतंच, आणि सगळ्या खोलीत उष्णता सर्वांत जास्त तिथूनच येते. आजची मी म्हणते, भरीव दार लाव. तेव्हाची मी म्हणते, मग रोज संध्याकाळी समोर उभी राहून बघणार काय? तिचंही मला पटतं. त्यातून उजेडाचा प्रश्न निघतो, कारण अतिनील किरण वाईनला बाधतात. काचेला फिल्म आहे, आतले दिवे एलईडी आहेत, तरी पांढऱ्या वाईनच्या फिक्या काचेच्या बाटल्या मी दारापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवते.

आणि खोलीची खरंच गरज होती का? आतल्या निम्म्या बाटल्या फ्रिजमध्येही सुखाने राहिल्या असत्या. उरलेल्या निम्म्यांचं उत्तर त्या उघडल्याशिवाय मिळायचं नाही, आणि त्यांतल्या बऱ्याच इतक्यात उघडायच्या नाहीत. चौथी भिंत, जिन्यामागची, मी फोडलेली नाही. ती बरोबर आहे असं कंत्राटदार शपथेवर सांगतो. तिच्यालगत मी आर्द्रतामापक ठेवलाय, आकडे वहीत उतरवते, आणि पुढचा पावसाळा संपेपर्यंत त्या भिंतीबद्दल मला काही विचारू नका.